शेगडी, टाकी वगैरे...

अण्णा गेले त्याला आता वर्ष होऊन गेलं. माणूस गेल्यावर कागदपत्रांचं काय काय करावं लागतं ते ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. बँक, पेन्शन, घराचा उतारा, विजेचं मीटर... या यादीत अगदी शेवटी गॅसचा नंबर लागला. जळगावच्या घरातलं गॅस कनेक्शन अण्णांच्या नावावर होतं, ते आईच्या नावावर करायचं. काउंटरवरच्या मुलाने फॉर्म दिला आणि काय काय जोडायचं ते सांगितलं. मृत्यूचा दाखला, वारसांची ना-हरकत, आईचं आधार आणि मिळालं तर जुनं पुस्तक. मग म्हणाला, "मूळ ग्राहकाशी नातं लिहा इथे."

आई शेजारीच खुर्चीवर बसली होती. ती हळूच म्हणाली, "ग्राहक ते कसे? स्वयंपाक तर मीच करत होते की रे."

तो मुलगा हसला, मीही हसलो. फॉर्मवर 'पत्नी' लिहिलं. पण ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही. जुनं पुस्तक शोधायला माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली, तर पुस्तकाच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जड वस्तू निघाली. चिनीमातीची गोल पांढरी ताटली, मधोमध तडा गेलेली, त्यात नागमोडी खाचा आणि एका खाचेत गंजल्यासारखा दिसणारा तारेचा वेटोळ्यांचा तुकडा. आमची विजेची शेगडी! म्हणजे तिचा आत्मा म्हणा. पत्र्याची बैठक कधीच भंगारात गेली असणार.

आजकालच्या मुलांना (माझ्या भाच्यांना उद्देशून) ही शेगडी सांगूनही कळायची नाही. तीन पायांचा पत्र्याचा डबा, वर ही ताटली, खाचांमधून फिरवलेली कॉइल. बटण लावलं की आधी काहीच होत नाही. मग एक वेटोळं तांबूस होतं, मग हळूहळू सगळी कॉइल लाल. भांडं थेट कॉइलवर बसलं की झटका, म्हणून आई पायात कायम रबरी चप्पल घालून लाकडी पाटावर उभी राहून स्वयंपाक करायची. दूध उतू गेलं तर आधी बटण, मग दूध. हा क्रम आम्हाला बाराखडीच्या आधी पाठ झाला होता.

आता प्रश्न असा, की १९७८ साली धुळ्यातल्या देवपुरात दोन खोल्यांत बिऱ्हाड मांडणाऱ्या एका शाळामास्तरच्या घरात विजेची शेगडी आलीच कशी? त्या काळात आजूबाजूला सगळ्यांकडे रॉकेलचे स्टोव्ह होते. वीज महाग आणि रॉकेल रेशनवर. हिशेबाने स्टोव्हच यायला हवा होता.

तो आला नाही याचं कारण आप्पा, म्हणजे माझे आजोबा. अमळनेरला त्यांच्या ओळखीच्या एका घरात नवी सून स्टोव्हने भाजून गेली होती. आप्पा त्या मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीला होते आणि नंतर अंत्ययात्रेलाही. पेपरात एका ओळीची बातमी आली, 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू'. सत्तर-ऐंशीच्या दशकातले मराठी पेपर ज्यांनी वाचलेत त्यांना ही ओळ ओळखीची असेल. पंपाचा स्टोव्ह भडकतो हे खरंच आहे. पिन मारताना, हवा जास्त भरल्यावर, रॉकेल सांडल्यावर. फ्रान्स लिंडक्विस्ट नावाच्या स्वीडिश माणसाने १८९२ च्या सुमारास प्रायमस स्टोव्ह काढला आणि तो जगभर गेला. भारतातल्या शहरी मध्यमवर्गाने तर त्याला आपलाच म्हणून टाकलं. पण आपल्याकडे तो नेमका नव्या सुनेच्याच हातात का भडकतो, सासूच्या किंवा नणंदेच्या हातात का नाही, हे विचारायला बराच काळ गेला. १९८३ साली दंड संहितेत ४९८अ हे कलम आलं आणि १९८६ साली हुंडाबळीचं ३०४ब. आप्पांनी एवढं सगळं बोलून दाखवलं नाही. त्यांनी फक्त आईच्या वडलांना शब्द दिला, की माझ्या सुनेच्या हाती स्टोव्ह देणार नाही. आणि धुळ्याला येऊन स्वतःच्या पैशाने विजेची शेगडी आणि पंधरा अँपिअरचा प्लग बसवून दिला. आई अजून सांगते, "दागिना एक कमी घातला असता तरी चाललं असतं, पण ही शेगडी आप्पांनी स्वतः आणली."

(त्याच सुमारास वातीचा, न भडकणारा 'नूतन' स्टोव्हही आला होता. इंडियन ऑइलच्या संशोधन विभागाने तयार केलेला. पण आप्पांच्या लेखी स्टोव्ह तो स्टोव्हच.)

रॉकेल मिळणं हीही एक कसरत होती म्हणा. १९७३ च्या तेलसंकटानंतर तर फारच. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांनी बायकांचे लाटणे मोर्चे काढले ते याच वर्षांत. तेल, साखर, रॉकेल, जे जे स्वयंपाकघरात लागतं ते सगळं त्या मोर्च्यांत होतं. म्हणजे चुलीत काय जाळायचं हा प्रश्न बायकांनी रस्त्यावर आणला होता. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ते मोर्चे एखाद्या ओळीत उरकतात, असो.

तर, शेगडी. विजेवर स्वयंपाक ही काही आपल्याकडची टूम नव्हे. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात विजेवर चालणारं अख्खं स्वयंपाकघर मांडलं होतं. लोक बघून गेले, पण घरी कुणी नेलं नाही. कारण लाल होऊनही जळून न जाणारी तार तेव्हा नव्हती. ती १९०६ मध्ये अल्बर्ट मार्श या अमेरिकन माणसाने शोधली. निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू, नायक्रोम. आमच्या ताटलीतला तो तुकडा नायक्रोमचाच. तिकडे स्वस्त वीज आणि गार हवा, त्यामुळे विजेच्या चुली रुजल्या. आपल्याकडे बल्ब आणि पंखा याच्यापुढे वीज फारशी गेलीच नाही. २०११ च्या जनगणनेत देशभरात विजेवर स्वयंपाक करणारी घरं दर हजारी एक निघाली. आमचं घर त्या हजारातलं एक, तेही तीसेक वर्षं आधी!

खानदेशात विजेची मोठी गंमत आहे. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० साली स्थापन झालं आणि १९६८ मध्ये भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक केंद्राचा पहिला संच सुरू झाला. १९७९ आणि १९८२ मध्ये दोनशे दहा मेगावॅटचे दोन संच त्याला जोडले गेले, हल्लीच्या काळात पाचशेचे. भुसावळहून नागपूरकडे जाताना रेल्वेतून त्या चिमण्या दिसायच्या, आणि अण्णा दर वेळी न चुकता म्हणायचे, "आपली शेगडी इथून पेटते बरं का." लहानपणी मला वाटायचं की दीपनगरला एक मोठी चूल आहे आणि तिथून तारेतून जाळ येतो. आता वाटतं, तसं काही फार चुकीचं नव्हतं ते. विदर्भातल्या खाणींतला कोळसा रेल्वेने यायचा, जळायचा, त्यातल्या उष्णतेचा जेमतेम एक तृतीयांश भाग वीज व्हायचा, त्यातला काही तारांत हरवायचा आणि उरलेल्याची पुन्हा उष्णता करून आई त्यावर वरण शिजवायची. भुसावळला रेल्वेच्या चाळीतली आमची आत्या मात्र इंजिनातून पडलेला अर्धजळका कोळसा शेगडीत घालून सरळ भाकरी भाजायची. दोघींचा कोळसा एकच, फक्त आईचा फार फिरून यायचा.

आणि फिरून येता येता दमायचा. संध्याकाळी सहा वाजले की व्होल्टेज उतरायचं. घराघरांत दिवे लागलेले, शिवारात विहिरींवरच्या मोटारी सुरू. बल्ब पिवळा पडायचा, पंखा मोजता येईल इतका हळू फिरायचा. बल्बचं एक वेळ ठीक, पण शेगडीचं दुखणं वेगळं. तारेतली उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टवर हजार वॅट देणारी शेगडी १६० व्होल्टवर ६९५ वॅट देत नाही, ४८०च्या आसपास देते. म्हणजे व्होल्टेज तिसऱ्या हिश्शाने उतरलं की आच निम्म्याहून खाली! हे गणित मी अकरावीत शिकलो. आईला ते न शिकताच येत होतं. ती चार वाजताच डाळ चढवायची. पाहुणे संध्याकाळी अचानक आले की तिचा चेहरा का उतरायचा ते मला फार उशिरा समजलं. आम्हाला तेव्हा वाटायचं, आईला पाहुणे आवडत नाहीत.

कॉइल तुटणं हा आणखी एक नेहमीचा प्रकार. नवी कॉइल आणायला दुकान गाठायचं, तोवर अण्णा तुटलेली दोन टोकं पक्कडने पिळून जोडायचे. जोडली की शेगडी आधीपेक्षा जास्त लाल व्हायची आणि अण्णा खूश! खरं तर तार आखूड झाली की तिचा रोध कमी होतो, जास्त वीज ओढते आणि पुन्हा लवकर तुटते. पिळलेल्या जागी तर ठिणग्याच. एकदा त्या ठिणगीने आईच्या डाव्या मनगटावर भाजलं, तो डाग अजून आहे. आप्पांनी जाळापासून वाचवण्यासाठी आणलेली शेगडी ती. जाळ नसला म्हणजे भाजत नाही असं काही नसतं.

पण आईची खरी तक्रार डागाची नव्हती आणि व्होल्टेजचीही नव्हती. ती भाकरीची होती.

खानदेशी घरात भाकरी काय असते ते बाहेरच्यांना सांगणं कठीण आहे. ज्वारीची, बाजरीची, आणि कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची. थापून तव्यावर टाकायची, वर पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, आणि मग तवा बाजूला सारून ती विस्तवासमोर उभी करायची किंवा जाळावर धरायची. तिथे ती फुगते. कॉइलवर हे शेवटचं पाऊल घालता येत नाही. तव्यावरच ठेवून फडक्याने दाबत दाबत फुगवावी लागते. फुगते, नाही असं नाही, पण पापुद्रा जाड राहतो. जिजी (माझी आजी) गावाहून यायची तेव्हा पहिल्याच घासाला तिला कळायचं. एकदा ती शेगडीसमोर उकिडवी बसून बराच वेळ लाल कॉइलकडे बघत राहिली आणि म्हणाली, "जाय नही, धूर नही, हाई कसानी चूल?"

जिजीचं बरोबरच होतं. आमचा अख्खा स्वयंपाक जाळावर उभा आहे. भरताची वांगी पऱ्हाट्यांच्या नाहीतर तुराट्यांच्या जाळात भाजायची, म्हणजे कपाशीचं आणि तुरीचं पीक निघाल्यावर शेतात उरतं ते सरपण. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या मानांकनात पऱ्हाटीचा वास काही येत नाही. आखाजीला खापराचे मांडे. मातीचं खापर चुलीवर पालथं घालायचं, खाली लाकडं सारायची आणि हातावर फिरवून फिरवून मोठा केलेला मांडा वर सोडायचा. कॉइलच्या टीचभर शेगडीवर खापर कुठे बसणार! देवपुरात दहा वर्षं आमच्या घरी मांडे झाले नाहीत. आखाजीला गावी जाणं झालं नाही तर आई पोळीच्या तव्यावर पुरणपोळ्या करायची आणि त्या दिवशी जेवताना फारसं बोलायची नाही.

आता गॅसकडे येतो. तोवर गॅस होता कुठे?

मुंबईत होता, आणि फार पूर्वीपासून होता. कोळशापासून केलेला गॅस नळाने आणून रस्त्यावरचे दिवे पेटवायचे, हे १८६०च्या दशकातच तिथे सुरू झालं होतं. पुढे तो काही घरांच्या ओट्यापर्यंतही गेला. टाकीतला गॅस आला तो १९५५च्या सुमारास. १९५४-५५ मध्ये तुर्भ्याला स्टॅनव्हॅक आणि बर्मा-शेल यांचे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. कच्चं तेल शुद्ध करताना जो वायू सुटतो तो दाबाखाली द्रवरूप करून टाकीत भरायचा आणि विकायचा. बर्मा-शेलने त्याला नाव दिलं बर्शेन. आईची गिरगावातली मावशी शेवटपर्यंत गॅसला गॅस म्हणाली नाही, 'बर्शेन'च म्हणायची. कंपनी १९७६ मध्ये सरकारी झाली, पुढल्या वर्षी तिचं भारत पेट्रोलियम झालं, तरी मावशीचं "बर्शेन संपलंय" चालूच. एस्सोचं १९७४ मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियम झालं होतं. इंडियन ऑइलचा इण्डेन १९६५ साली कलकत्त्यात निघाला.

गंमत म्हणजे सुरुवातीला लोकच घ्यायला तयार नसत. घरात बॉम्ब कोण ठेवणार! कंपन्यांना दारोदार जाऊन गिऱ्हाईक शोधावं लागे. गॅसवरचं खाल्लं की पोटात गॅस होतो, असं छातीठोक सांगणारे तर माझ्या लहानपणीही होते. पण वीसेक वर्षांत चक्र उलटं फिरलं. ज्याच्या घरी गॅस त्याच्या घरी गेलं की ओट्यावर हात फिरवून बघायचा, काजळी नाही! आणि मग मागणी इतकी वाढली की पुरवठा कुठच्या कुठे मागे पडला. हा वायू तेल शुद्ध करताना निघणार तेवढाच निघणार. भाव सरकारने धरून ठेवलेला. टाक्या, त्या भरायचे कारखाने, सगळंच अपुरं. मुंबई हायचं तेल १९७६ पासून यायला लागलं, पुढे उरणला तिथल्या वायूतून हा गॅस वेगळा काढायला लागले, आयातही सुरू झाली, तरी रांग काही हटेना.

त्या रांगेला 'नंबर लावणं' म्हणायचे. अण्णांनी १९८१ साली धुळ्यात नंबर लावला. अर्ज त्यांच्या नावावर, कारण रेशनकार्ड त्यांच्या नावावर. तसं सगळ्यांचंच. आईला विचारायचा प्रश्नच नव्हता, आणि तिला त्यात वावगंही वाटलं नाही. पुढे सात वर्षं दर सहा महिन्यांनी सायकलवरून जाऊन विचारून यायचं, "कुठपर्यंत आला नंबर?" खासदारांच्या वाट्याला दर वर्षी काही कनेक्शनं वाटायला असायची, त्यामुळे कुणाची कुठवर ओळख आहे यावर शेजारीपाजारी बऱ्याच चर्चा रंगायच्या. आमची कुठेच नव्हती. एकाने आपला नंबर 'सरकवून' देतो म्हणून अण्णांकडून पैसे घेतले आणि मग तो दिसलाच नाही. ही गोष्ट अण्णांनी आईला तब्बल वीस वर्षांनी सांगितली. (आईला ती आधीपासून माहीत होती, हे तिने मला आत्ता सांगितलं.)

१९८८च्या दिवाळीआधी पोस्टकार्ड आलं.

तो दिवस मला नीट आठवतो, मी तिसरीत होतो. हातगाडीवरून लाल टाकी आली. आलेल्या माणसाने रेग्युलेटर बसवला, नळी ओढून बघितली, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते दाखवलं. गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात, हेही त्यानेच सांगितलं. आणि त्याने हे सगळं अण्णांना सांगितलं! अण्णा मान डोलावत होते, आई दाराशी उभी राहून ऐकत होती. मग तो म्हणाला, "साहेब, पेटवून बघा." अण्णांनी काडी ओढली, बटण फिरवलं आणि भप्प झाल्यावर दोन पावलं मागे सरले. आईने पदर खोचला, बटण बंद केलं, आधी काडी पेटवली, मग बटण फिरवलं. निळी फुलं लागली.

तिने पहिल्यांदा दूध वगैरे काही ठेवलं नाही. पीठ मळलं आणि भाकरी टाकली. तवा उतरवून ती जाळावर धरली आणि ती फुगून टम्म झाली. आई हसायला लागली. मी तिला चहा गाळताना, कपडे वाळत घालताना हसताना पाहिलं होतं, पण भाकरी भाजताना नव्हतं पाहिलं. त्या महिन्यात जिजी आली. शेगडीच्या बरोबरीने डोळे येतील अशी वाकली, निळ्या जाळाकडे बघितलं, भाकरी मोडून खाल्ली आणि निकाल दिला, "जाय दिखस. हाई बरं शे."

रेशनकार्डावर गॅसचा शिक्का पडला आणि रॉकेल कमी झालं, त्याची कुरकुर जिजीनेच केली, कारण आमच्या वाट्याचं रॉकेल कंदिलासाठी तीच गावी न्यायची.

आता हिशेबाचं बोलायचं तर १४.२ किलोच्या टाकीत साधारण १८० युनिट विजेइतकी उष्णता असते. पण आईला बदल जाणवला तो युनिटांत नाही, तासांत. डाळ चार वाजता चढवावी लागेना. कुकर आला (त्याआधी कॉइलवर कुकरला शिट्टी यायला पाऊण तास लागायचा). संध्याकाळचे दोन तास मोकळे झाले आणि त्या दोन तासांत तिने शेजारच्या बाईंबरोबर शिवणाचा क्लास लावला. माझ्या बारावीची फी त्या शिवणाच्या मशीनमधून निघाली. अण्णांचा पगार कधी कमी पडत होता हे आम्हाला कळलं नाही, ते यामुळेच.

टाकी संपण्याची धास्ती मात्र घरात कायमची आली. एकच टाकी, दुसरी नाही. एजन्सीबाहेर 'गाडी आली' अशी आरोळी उठली की सायकलच्या कॅरिअरला रिकामी टाकी बांधून पळायचं. आच बारीक झाली की टाकी हलवून बघायची, काही घरी तर आडवी टाकायचे. (असं करू नका. ती उभीच ठेवायची असते.) अशा अडीनडीच्या दिवशी माळ्यावरून विजेची शेगडी खाली यायची, आणि आई रबरी चप्पल शोधायची. १९९४ मध्ये आम्ही ट्रान्सफर व्हाउचर घेऊन जळगावला आलो तेव्हा ती शेगडीही आली. दुसरी टाकी मिळाली आणि मग शेगडी कायमची वर गेली. देशभरातली प्रतीक्षा यादी संपली ती राम नाईक पेट्रोलियम मंत्री असताना, १९९९ नंतरच्या दोन-चार वर्षांत. माझ्या धाकट्या मावसबहिणीला लग्नानंतर आठवड्याभरात गॅस मिळाला तर आईला ते खरंच वाटेना.

गॅस वेळेवर आला हे कळायला मात्र २००५ उजाडावं लागलं. दाभोळचा प्रकल्प २००१ मध्येच बंद पडला होता, नवे संच झाले नव्हते आणि मागणी वाढत होती. राज्यात चार-पाच हजार मेगावॅटची तूट. लोडशेडिंगचे गट पाडले, जिथे गळती जास्त आणि वसुली कमी तिथे जास्त तास अंधार. खानदेशातल्या गावांना त्या वर्षांत दिवसाचे दहा-बारा तास वीज नसायची. मी तेव्हा पुण्यात होतो. फोन केला की आई म्हणायची, "अंधारात पोळ्या करते आहे, नंतर कर." गॅसचा निळा उजेड आणि ओट्यावर मेणबत्ती. वीसेक मैलांवर धूर ओकणाऱ्या चिमण्या आणि ओट्यावर मेणबत्ती! अण्णा तेव्हा म्हणाले होते, "ती जुनी शेगडी असती तर आपण उपाशी मेलो असतो." त्यांनी ते गमतीत म्हटलं होतं. पण आकडे टाकून कॉइलवर स्वयंपाक करणारी घरं जळगावातल्या वस्त्यांत तेव्हाही होतीच. ती काय करत असतील, हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही, मीही नाही.

२०११ च्या जनगणनेत देशातली २८.५ टक्के घरं गॅसवर स्वयंपाक करत होती. निम्म्याच्या आसपास घरं अजून लाकडावर. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. तिच्यात मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते, आणि ती म्हणजे कनेक्शन घरातल्या प्रौढ स्त्रीच्याच नावावर मिळतं. आठ कोटीवं कनेक्शन सप्टेंबर २०१९ मध्ये औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) बचत गटांच्या मेळाव्यात दिलं गेलं. टाकी पुन्हा भरायला पैसे नसतात, म्हणून चूल विझत नाही, हेही खरंच. आमच्या गावी चुलतभावाच्या शेतात काम करणाऱ्या बाईंकडे गॅस आहे आणि तो पाहुण्यांच्या चहापुरता आहे. बाकी पऱ्हाट्या. पण पुस्तक त्यांच्या नावावर आहे. आईला मी हे सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं. निदान नातं तरी लिहावं लागणार नाही."

आता भाऊ आईच्या मागे लागलाय, इंडक्शन घे म्हणून. त्याने आणूनही दिलीय. काचेची गुळगुळीत पाटी, कॉइल दिसत नाही, झटका नाही, जाळही नाही. भांडंच तापतं. आई त्यावर सकाळी चहा आणि दूध करते, कौतुकही करते. भाकरी मात्र गॅसवर. आणि मांडे अंगणात, तीन विटा मांडून, खापरावर. यंदा आखाजीला तिने केले, पंचाहत्तरीच्या घरात असताना. आम्ही सगळे भोवती उभे राहून नुसते लाकडं सारत होतो.

नावाचं काम तीन चकरांत झालं. नवं पुस्तक मिळालं त्या दिवशी आईने ते हातात घेतलं, चष्मा लावून आपलं नाव वाचलं, आडनाव नीट लिहिलंय का ते तपासलं आणि पिशवीत टाकलं. गेल्या आठवड्यात दुपारी तिचा फोन आला. मोबाइलवर काहीतरी मेसेज आलाय, वाचून सांग म्हणाली. मी म्हटलं, तूच वाच. तिने एकेक शब्द लावत वाचला. बुकिंग झालंय, टाकी उद्यापर्यंत येईल.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? अजून माझी आधीची संपायची आहे," ती म्हणाली.